जुन्या कॅमेऱ्याचा पिवळा फिल्टर दर पावसाळ्यानंतर खराब होतोय? पुसण्याआधी तो ओळखा

पोळा आटोपला की आमच्या पूर्व विदर्भातल्या वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यात जुने कॅमेरे कपाटाबाहेर निघतात. पुढे दिवाळी असते, मग गावोगावची मंडई, म्हणजे जत्रा, आणि रात्रभराची नाटकं. हौशी पोरांना आजोबांच्या बॉक्स कॅमेऱ्यात एखादा ब्लॅक अँड व्हाइट रोल टाकून बघायचा असतो. आणि स्टुडिओच्या काउंटरवर दरवर्षी गाऱ्हाणं एकच: लेन्सच्या वाटेत बसणारा पिवळा फिल्टर मागच्या साली पुसून ठेवला होता, यंदा पुन्हा तसाच. कुणाच्या फिल्टरवर दुधाळ थर, कुणाच्या काठाला सप्तरंगी पट्टे, कुणाचा तर पिवळेपणाच गायब.

लगेच शेजारचा कुणीतरी सल्ला देतो, "काऊन टेन्शन घेता राजेहो, काच पुसाचा निळा स्प्रे मारा ना!" निम्मे फिल्टर या सल्ल्याने जातात. फिल्टर काचेचाच आहे असं सगळे धरून चालतात, आणि तिथेच घात होतो. जुन्या कॅमेऱ्यातला रंगीत फिल्टर तीन प्रकारचा असू शकतो. एकाला जे औषध चालतं, ते दुसऱ्याला मारतं.

पहिला प्रकार भरीव रंगीत काचेचा. यात रंग काच वितळवतानाच मिसळलेला असतो. पिवळ्या-नारिंगी-लाल काचेत बहुधा कॅडमियमची संयुगं, निळ्यात कोबाल्ट. हा रंग आपल्या हयातीत उडत नाही. वर बुरशी येईल, ओरखडे पडतील, पण फिका पडणार नाही.

दुसरा प्रकार फसवा. बाहेरून काच दिसते, पण आत दोन साध्या काचांच्या मधे रंगवलेल्या जिलेटिनचा पापुद्रा असतो आणि सगळं कॅनडा बाल्समने चिकटवलेलं असतं. कॅनडा बाल्सम म्हणजे एका सूचिपर्णी झाडाचा राळेसारखा चीक. त्याचा वक्रीभवनांक (उजेड वाकवण्याचं प्रमाण) काचेच्या जवळ असल्याने जोड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पूर्वी लेन्सही त्यानेच चिकटवायचे. वय झालं की तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि आमच्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात सुटायला लागतो.

तिसरा प्रकार म्हणजे नुसता रंगीत जिलेटिनचा नाहीतर सेल्युलॉइडचा (जुन्या काळच्या प्लास्टिकचा) तुकडा, वर काच नाही. रॅटन फिल्टर हे नाव जुन्या लोकांनी ऐकलं असेल. इंग्लंडातली रॅटन अँड वेनराइट ही कंपनी कोडॅकने 1912 मध्ये विकत घेतली आणि तिच्या जिलेटिन फिल्टरांचे क्रमांक पुढे जगभर रूढ झाले: 8 नंबर पिवळा, 25 नंबर लाल. काही बॉक्स कॅमेऱ्यांत पिवळा फिल्टर आतच बसवलेला असायचा. 1950 च्या दशकातला आग्फाचा सिंक्रो बॉक्स किंवा कोडॅकचा सिक्स-ट्वेन्टी ब्राउनी ई घ्या. बाहेरची पट्टी ओढली की फिल्टर लेन्सच्या वाटेत सरकतो. असा आतला फिल्टर काचेचा की पातळ पापुद्र्याचा, हे मॉडेल पाहून ठरवू नका. मधे कुणी दुरुस्तीवाल्याने तो बदललेला असू शकतो. हातातला तुकडा बघा.

ओळखायचं कसं? फिल्टर कड्यातून सोडवा आणि काठाकडून बघा. भरीव काचेचा काठ आरपार रंगीत दिसतो. जोडकाचेचा काठ पांढरा, मधे केसाएवढी रंगीत रेघ. एवढं दिसायला साधं भिंग पुरे. नुसता पापुद्रा असेल तर चिमट्याने उचलून कोरड्या तळहातावर ठेवा. जिलेटिन हाताच्या ओलाव्यानेच बहुधा कडेने वळायला लागतं. सेल्युलॉइड ढिम्म हलत नाही, आणि बोटांत चोळलं की कधीकधी कापराचा वास येतो. तसा वास आला तर त्या कॅमेऱ्याजवळ हेअर ड्रायर, सोल्डरिंग, काडीपेटी काहीही आणू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं.

कडं जाम झालं असेल तर पक्कड लावायची नाही, गोल कडं पक्कडीने लंबगोल होतं. हवाई चप्पल उलटी करा, फिल्टरचं कडं रबरी तळव्यावर सपाट दाबा आणि पूर्ण तळहाताच्या दाबाने फिरवा. दाब सगळीकडे सारखा पडतो आणि कडं सुटतं. काचेवरच्या आतल्या रिंगेला दोन खाचा असतात. भूमितीच्या पेटीतला डिव्हायडर त्यांत बरोबर बसतो. टोकं आधी थोडी बोथट करून घ्या, निसटली तर काचेवर रेघ ओढतात.

आता काय बिघडलंय ते. फिल्टर पांढऱ्या कागदावर ठेवा, मग खिडकीच्या उजेडात तिरका धरा. फांद्या फुटलेले बारीक धागे दिसले तर बुरशी. काठाकडून आत सरकलेले सप्तरंगी पट्टे म्हणजे काचा सुटल्या आणि मधे हवा शिरली. सगळीकडे सारखा दुधाळपणा हा बहुधा कातडी डब्यातल्या तेला-मेणाचा थर. आणि मधला गोल फिकट, पण कड्याखाली दबलेली किनार अजून गर्द पिवळी, तर रंग उजेडाने उडालाय. ती किनार जपून ठेवा. मूळ रंग किती गडद होता याचा तेवढाच पुरावा तुमच्याकडे आहे.

रंग किती उडाला हे डोळ्यांनी ठरवू नका, डोळा पिवळ्याला लवकर सरावतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लावा, आयएसओ पक्का करा, व्हाइट बॅलन्स उन्हाचा ठेवा. उन्हातल्या पांढऱ्या भिंतीवर शटर स्पीड किती येतो बघा, मग लेन्सवर फिल्टर धरून पुन्हा बघा. 8 नंबरच्या पिवळ्याचा फॅक्टर 2, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट फिल्मला उजेड दुप्पट लागतो, एक स्टॉप: 1/500 चं 1/250. मोबाइलला निळ्याचं एवढं आकर्षण नसतं, त्यामुळे त्यावर फरक याहून कमी दिसेल. 25 नंबरच्या लालचा फॅक्टर 8, म्हणजे तीन स्टॉप. पिवळ्याने काहीच फरक पडला नाही तर तो आता शोभेपुरता उरलाय. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मला निळ्याचं आकर्षण जास्त. पिवळा फिल्टर ते निळं अडवतो म्हणून आभाळ थोडं गडद येतं आणि ढग सुटे दिसतात. "फोटोत आभाळ नुसतं पांढरं येतं" ही तक्रार बऱ्याचदा मेलेल्या फिल्टरची असते.

भरीव काच: सोपं काम

आधी ब्लोअरने धूळ उडवा. मग बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर आणि साबणाचा एक थेंब. मागताना "पाणी" म्हणून मागा, ॲसिड नको. बुरशी असेल तर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. ते साधारण 6 टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घालून 3 टक्के करा. कापसाने लावा, काही मिनिटं थांबा, पुसा, धुवा. द्रावण लागेल तेवढंच करा आणि उरलेलं झाकण घट्ट लावून ठेवू नका, आत वायू साचतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हात फिरवा. बुरशीच्या आम्लाने काच खाल्ली असेल तर ती नक्षी कशानेच जात नाही. ती घासत बसू नका, फोटोत एवढ्या-तेवढ्या डागाने काही दिसत नाही.

जोडकाच: उघडायची की नाही?

माझं मत सरळ आहे. सुटलेली जागा काठापासून दोन-तीन मिलिमीटरच असेल तर हात लावू नका. लेन्सचं तोंड त्यापेक्षा लहान असतं, तो भाग फोटोत येतच नाही. काठावर काळ्या एनॅमल रंगाची बारीक रेघ फिरवून ओलावा बंद करा आणि विषय सोडून द्या. मधोमध पट्टे आले असतील तरच उघडा.

उघडायला पाणी किंवा स्पिरिट चालत नाही. बाल्सम झायलीनमध्ये विरघळतो, आणि झायलीनने जिलेटिन फुगत नाही. तालुक्याला बीएस्सीचं कॉलेज असेल तर प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत झायलीन आणि कॅनडा बाल्सम दोन्ही असतात, सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइड बनवायला लागतात म्हणून. ओळखीने थोडं मिळतं. काचेच्या झाकणाच्या बरणीत फिल्टर उभा ठेवा. प्लास्टिकचा डबा घेऊ नका, बरंचसं प्लास्टिक झायलीनमध्ये विरघळतं. बरणी ओसरीवर ठेवा, घरात नको. वाफ डोक्यात जाते आणि पेटते. मग वाट बघायची, कधी एक दिवस, कधी आठवडा. काच आपोआप सरकली पाहिजे. ब्लेड घालून सोडवायला गेलात की जिलेटिन फाटलं समजा.

पुन्हा चिकटवायला बाल्सम वापरलात तर मूळ पद्धत राखली जाते, पण तो वाळायला फार दिवस घेतो आणि आमच्या उन्हाळ्यात पुन्हा सुटायची भीती राहते. संग्रहासाठी असेल तर बाल्सम, वापरासाठी असेल तर मोबाइल दुरुस्तीवाला गाठा. स्क्रीनवर काच बसवायचा पारदर्शक यूव्ही गोंद आणि निळा दिवा त्याच्याकडे असतो. एक गोष्ट मात्र त्याला सांगावी लागेल. पिवळं जिलेटिन यूव्ही आणि निळा उजेडच तर अडवतं, त्यामुळे दिवा एकाच बाजूने मारला तर पलीकडचा गोंद ओलाच राहतो आणि महिन्याभरात काचा घसरतात. दोन्ही बाजूंनी वेगवेगळा मारा. गोंदाचा थेंब मधोमध ठेवून काच एका कडेने हळू टेकवा, बुडबुडा बाहेर ढकलत न्या.

पाणी आधीच आत शिरून जिलेटिनला सुरकुत्या पडल्या असतील तर ते परत सपाट होत नाही. मग दोन काचा जपा आणि आतला पापुद्रा नवा करा.

नुसतं जिलेटिन: दुरुस्ती नाही, नवीन बनवा

जुन्या पापुद्र्याला पुन्हा रंग चढवता येईल का, असं बरेच जण विचारतात. नका करू. त्यावर लॅकरचा थर असतो, रंग ठिपक्या-ठिपक्यांनी चढतो आणि ओलं जिलेटिन वेडंवाकडं होतं. जुना तुकडा कागदी पाकिटात घालून कॅमेऱ्यासोबत ठेवा, आणि नवा बनवा. बनवणं फार कठीण नाही.

फिल्म म्हणजे तरी काय, प्लास्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा थरच. मुदत संपलेला ब्लॅक अँड व्हाइट रोल घ्या, न वापरलेला. मंद उजेडात त्याचा तुकडा कापून डेव्हलप न करता थेट हायपोत, म्हणजे फिल्म पक्की करायच्या फिक्सरमध्ये टाका. दुधाळपणा गेला की आणखी तेवढाच वेळ राहू द्या, मग भरपूर पाण्यात अर्धा तास धुवा. हातात राहतो तो जिलेटिन चढवलेला स्वच्छ तुकडा. 35 मिलिमीटरच्या रोलची पट्टी बऱ्याचदा करडी असते, 120 चा रोल बरा. जुन्या स्टुडिओत लिथ फिल्म (छपाईकामाची) पडली असेल तर सोनं. एक्स-रेची फिल्म मात्र नको, तिची पट्टी निळसर असते आणि निळ्यावर पिवळा चढवला की हिरवा फिल्टर तयार होतो.

रंग? जिलेबीवाल्याकडचा. खाण्याच्या पिवळ्या रंगाच्या पुडीवर टार्ट्राझिन लिहिलेलं बघून घ्या. हा रंग जिलेटिन चांगलं पकडतं, जांभळा-निळा उजेड शोषतो, आणि पूर्वी फिल्टर बनवायलाही तो वापरात होता. सनसेट यलो लिहिलं असेल तर नारिंगी फिल्टर मिळेल. पुडीत मीठ वगैरे मिसळलेलं असतं, म्हणून वजनाचा हिशोब काटेकोर धरू नका. 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात एक ग्रॅमभर घालून सुरुवात करा, गाळून घ्या, पांढऱ्या व्हिनेगरचे चार-पाच थेंब टाका. आम्ल असलं की रंग घट्ट बसतो. तुकडा बुडवा, दर मिनिटाला काढून जुन्या फिल्टरच्या त्या दबलेल्या किनारीशी ताडून बघा. वाळल्यावर मोबाइलने पुन्हा फरक मोजा. कमी पडला तर पुन्हा बुडवा, जास्त झाला तर साध्या पाण्यात थोडा उतरतो.

यात विदर्भाची म्हणून एक अडचण आहे. एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला सोसत नाही, आणि गरम पाण्यात फिल्मवरचं जिलेटिन मऊ पडून सालीसारखं सुटून येतं. हे काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान करा, आणि घाई असेलच तर सगळं पाणी माठातलं घ्या. बोअरचं पाणी जड असतं, वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. शेवटचं विसळणं डिस्टिल्डचंच हवं. वाळवताना पंखा बंद. क्लिपेला लावून रिकाम्या कपाटात टांगा.

एवढी खटपट नको असेल तर आमच्या या झाडीपट्टीत दुसरी सोय आहेच. नाटक कंपनीच्या लाइटवाल्याकडे रंगीत फिल्टर शीट असते. पातळ, उष्णता सोसणारी, रंग बऱ्यापैकी टिकणारा. दिवाळीनंतर वडशात नाटकांचा हंगाम सुरू झाला की एखादा उरलेला तुकडा तो हसत देतो. एफ 11 च्या आसपासचं छिद्र आणि एक भिंगाची लेन्स, एवढ्या बॉक्स कॅमेऱ्याला ती पुरते. किराणा दुकानातला चुरचुरणारा जिलेटिन पेपर मात्र घेऊ नका, त्यावर लाटा असतात आणि फोटो सरळ मऊ येतो. चांगल्या लेन्सच्या कॅमेऱ्यावर, म्हणजे रोलायफ्लेक्ससारख्यावर, घरचा फिल्टर किंवा नाटकातली शीट दोन्ही नकोत. त्याला भरीव काचेचा फिल्टर विकत घ्या.

काचेच्या जागी पापुद्रा लावताना एक हिशोब लक्षात असू द्या. फिल्टर लेन्स आणि फिल्मच्या मधे असेल तर काच फोकस तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागे ढकलते. 2 मिलिमीटरची काच काढून पापुद्रा लावला तर साधारण दोन तृतीयांश मिलिमीटरचा फरक पडतो. फिल्टर लेन्सच्या पुढे असेल तर दूरच्या दृश्याला फरक पडत नाही.

पुन्हा पुन्हा का होतं

पावसाळ्याला सगळे दोष देतात. आमच्याकडे फिल्टरचा पावसाळा मार्चमध्येच सुरू होतो, कारण कूलर. बाहेर हवा कोरडी ठणठणीत असताना कूलरच्या खोलीत दमट वारा दिवसरात्र फिरतो, आणि कॅमेऱ्याचं कपाट नेमकं त्याच खोलीत असतं. त्यानंतर जून ते सप्टेंबर खरा पाऊस, धानाची बांधी भरलेली, भिंतींना ओल. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने फिल्टर ओलाव्यात. आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला काही कमी पडत नाही.

त्यात कातडी डबा. तो ओलावा धरतो, कातडं बुरशीचं खाद्य, आणि आतला मखमली कपडा तिचं घर. तुम्ही फिल्टर लखलखीत करून त्याच डब्यात परत ठेवता, म्हणून पुढच्या पोळ्याला परत येता. डबा फेकू नका, पण वेगळा, वारा लागेल असा ठेवा. फिल्टर बटर पेपरच्या पाकिटात घालून घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत रंग बदलणारं सिलिका जेल. नारिंगी-हिरवं मिळालं तर तेच घ्या, निळ्या-गुलाबीत कोबाल्ट असतं. छोटा डिजिटल आर्द्रतामापक आत टाका आणि आकडा 40 ते 50 टक्क्यांत ठेवा. 30 च्या खाली गेलात तर जिलेटिन कडक होऊन तडकतं.

धानाचा मुलूख असल्यामुळे तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला घरोघरी मिळतो. साठवणीच्या तांदळातच 12-14 टक्के ओलावा असतो. तो काय शोषणार? वर पिठाची धूळ, तीही बुरशीला आवडती. डांबर गोळ्याही नकोत. त्यांची वाफ थंड काचेवर स्फटिक होऊन बसते आणि काही प्लास्टिकला खाते.

सिलिका जेलचा रंग बदलला की ते 110-120 अंशांवर तापवून कोरडं करा. ओव्हन नसेल तर कढईत वाळू घालून वर जुनी स्टीलची वाटी, मंद आच, अधूनमधून हलवणं. ती वाटी पुन्हा स्वयंपाकात नको. मे महिन्याच्या गच्चीवर ठेवलं तर थोडं सुकतं, पूर्ण नाही.

मागची लाल खिडकी

पिवळा फिल्टर घेऊन आलेल्यांना मी ही खिडकीही बघायला सांगतो, कारण तीही फिल्टरच आहे आणि तिचं नुकसान मोठं. 120 च्या रोलवर फोटोचा आकडा बघायला कॅमेऱ्याच्या पाठीला लाल खिडकी असते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नसे, म्हणून ती चालून जायची. आजच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतं, वेगही (उजेड टिपायची ताकद) 400 किंवा त्याहून जास्त. खिडकीचा लाल उडून गुलाबी-नारिंगी झाला असेल तर निगेटिव्हवर गोल काळा डाग येतो, कधी कागदावरचा आकडाच फिल्मवर उमटतो. कॅमेऱ्यात छोटा टॉर्च सुरू करून ठेवा, पाठ बंद करा आणि अंधारात खिडकी बघा. गर्द लाल दिसली पाहिजे. नसेल तर लग्नपत्रिकेच्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडची रुबी फिल्म (गडद लाल पारदर्शक पापुद्रा) दुहेरी करून आतून लावा, चिकट कडेपुरतंच. वरून काळ्या इलेक्ट्रिक टेपचं झाकण, आणि ते फक्त रोल पुढे सरकवताना, सावलीत उचलायचं.

रंगीत रोल टाकणार असाल तर पिवळ्या फिल्टरची पट्टी पूर्ण बाहेर सरकली आहे ना, हे लेन्समधून डोकावून बघा. गंजलेली पट्टी अर्ध्यात अडकते, आणि सगळं लग्न हळदीचं दिसतं.